बटण कुणी दाबायचं

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तीर्थपुरीच्या मोसंबीवाल्यांच्या संस्थेत जो तो दुसऱ्याच्या अंगावर धावून जात होता. काट्यापाशी मालाच्या ट्रॉल्या खोळंबल्या होत्या. छाननीच्या बाया पदर सावरून नुसत्या बसून होत्या. दिल्लीला जाणारा ट्रक अर्धा भरून तसाच उभा होता, आणि ऊन तर असं की सकाळीच पत्रा तापायला लागला होता.

कारण एकच. मशीन कुणाला आत घेईना.

काट्यावर शालू बसायची. तिनं आपलं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. मशीन म्हणालं, पासवर्ड चुकीचा आहे. तिनं पुन्हा टाकला, एकेक अक्षर बघून. मशीनचं तेच. आणखी एकदा टाकला तर तिचं खातंच बंद पडलं. मुकादमानं आपल्या नावानं करून बघितलं, त्याचंही तसंच. मग तो शालूवर उखडला, “तूच कायतरी दाबलं असशील.” शालू म्हणाली, “मी काहून दाबू? तुमच्याच पोरानं परवा गाणी लावली होती याच्यावर.” त्यावरून दोघांची जुंपली.

हातानं पावती फाडून माल सोडावा तर तीही सोय नव्हती. गेल्या साली हातच्या पावत्यांवरून सभासदांत मारामारीची वेळ आली होती. कुणाचं वजन वाढलं, कुणाचं घटलं, एकमेकांच्या बापापर्यंत गेले. तेव्हा सगळ्यांनीच हात वर करून ठराव केला, की मशीनच्या पावतीशिवाय एक कॅरेट फाटकाबाहेर जाणार नाही. आता तोच ठराव सगळ्यांच्या गळ्यात पडला होता.

हे मशीन, म्हणजे सर्व्हर, कोपऱ्यातल्या थंड खोलीत असायचं. ती खोली उमाच्या ताब्यात होती. उमा म्हणजे कल्याणची बायको. कल्याण वारला त्याला सहा सालं झाली. तो गेल्यावर उमानं जालन्याला राहून कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलं आणि ती इथं लागली. तेव्हापासून त्या खोलीत धूळ म्हणून दिसायची नाही. ती बाहेर चपला काढून आत जायची. देवघरात जाते म्हणून नव्हे, धूळ मशीनला चालत नाही म्हणून.

उमानंही सकाळपासून सगळं करून बघितलं होतं. तिच्या खात्यालाही मशीन तेच सांगत होतं; तिसऱ्यांदा टाकला तर खातंच बंद पडेल म्हणून ती दोनदा टाकून थांबली होती. इतकी सालं जो पासवर्ड बोटांनी न बघता टाकला, तो म्हणे चुकीचा. तिच्या कानशिलात रक्त तापलं होतं. वर कंपनीचा फोन लागत नव्हता. ज्या कंपनीनं हे मशीन बसवून दिलं ती संभाजीनगरची, आणि सुट्टीनंतरच्या सकाळी तिथं अजून कुणी आलेलं नसावं.

ती पाण्याची बाटली घ्यायला ओट्यावर आली आणि तिच्या कानावर ते पडलं.

गिरिजाबाई बोलत होत्या. गिरिजाबाई संस्थेच्या संचालिका, पन्नाशी उलटलेली बाई, गळ्यात ठसठशीत मंगळसूत्र, आणि बोलणं असं की दोन वावरांपलीकडे ऐकू जावं. त्यांच्याभोवती छाननीच्या चार बाया होत्या.

“मी म्हणते, इतकी सालं चाललं ना मशीन? मंग आत्ताच काय झालं? नवमीला कुंकू लावलं कुणी त्याला, ते बघा की. ज्या हातानं लावायचं त्या हातानं लावावं. मी कुणाचं नाव घेत न्हाई बाई.”

एका बाईनं उमाला बघितलं आणि गिरिजाबाईंना कोपर मारलं. गिरिजाबाई वळल्या. बघितलं, पण जीभ चावली नाही.

“आता खरं ते खरं, उमे. राग मानू नकोस.”

उमाच्या हातातली बाटली तिथंच राहिली.

नवमीची गोष्ट अशी होती. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं पुजतात, आणि पुजलेलं हत्यार दसरा होईस्तोवर चालवत नाहीत. शेतकऱ्याची विळी-कुऱ्हाड, सुताराची करवत, तसं संस्थेत ट्रॅक्टर, काटा, छाननीचा पट्टा, सगळं पुजायचं. यंदा चेअरमन श्रीपतीच्या डोक्यात आलं, की सर्व्हरही पुजायचा. उमानं सांगितलं, “भाऊजी, ते बंद करत नसतात. वीज गेली तरी बॅटरीवर चालतं, कधीच बंद केलेलं न्हाई.” श्रीपती म्हणाला, “काटा बंद, ट्रॅक्टर बंद, आन् हे एकटंच चालू? हे बी हत्यारच हाय वहिनी. बिलकुल बंद करा.” तिनं रीतसर, सांगितल्या पद्धतीनं बंद केलं. ते आज सकाळीच पुन्हा चालू केलं होतं.

पूजेला श्रीपतीची बायको आली होती. तिनं ट्रॅक्टर पुजला, काटा पुजला, पट्टा पुजला. थंड खोलीच्या दारात आली आणि म्हणाली, माझे गुडघे धरले, मला त्या गारव्यात नका नेऊ. तबक तिथंच टेबलावर ठेवून ती गाडीत जाऊन बसली. तेव्हा श्रीपतीनंच सांगितलं, “वहिनी, तुमचं मशीन तुम्हीच पुजा. जल्दी उरका, लोकं जेवायला थांबलेत.” उमा क्षणभर थांबली होती. सहा सालांत कुणी तिच्या हाती कुंकवाचं तबक दिलं नव्हतं. मग तिनं मशीनच्या वरच्या पत्र्याला कोरड्या हळदीकुंकवाचं बोट लावलं, झेंडूचं एक फूल ठेवलं. पाण्याचा थेंब आत नेला नाही. त्या दिवशी घरी जाताना तिला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं होतं.

आणि आता ते बरं वाटणंच कुणी चिखलाचा पाय पुसावा तसं तिच्या तोंडावर पुसलं होतं.

श्रीपती ओट्याच्या खांबाला टेकून उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. उमानं त्याच्याकडे बघितलं. त्यानं एकच वाक्य बोलायला हवं होतं, ‘मीच सांगितलं होतं.’ बस, एवढंच. त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि तो बघत बसला.

उमा मनात म्हणाली, वा रे भाऊजी. दोस्त म्हणून कल्याणच्या ताटात जेवलास तू.

ती आत गेली आणि दार असं लावलं की ओट्यावरच्या बाया दचकल्या.

थोड्या वेळानं श्रीपती तिच्या मागं आत आला. त्यानं दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, “वहिनी, लोकांचं तोंड धरता येत न्हाई. मी काय म्हणतो, चार दिवस तुम्ही छाननीकडं बसा. हिथं शालू बसंल. लोकांचं मन थंड होऊ द्या, मंग बघू.”

“मंग बघू म्हणजे काय?”

“म्हणजे बघू.”

“म्हणजे ही खोली माझ्याकडून काढून घेऊन राह्यले तुम्ही.”

“तसं न्हाई ओ.”

“मंग कसं? आन् गिरिजाकाकूंना का न्हाई सांगितलं, मला पुजायला कुणी लावलं ते?”

श्रीपतीनं मान खाजवली. “बायकांच्या बोलण्यात मी कुठं पडू? मला त्यांच्या मतांवर निवडून यावं लागतं.”

“खरं बोललात एकदाचं,” उमा म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. कंपनीचा अपूर्व होता. तरणा इंजिनिअर, बोलायला गोड. उमानं फोन मोठ्या आवाजावर लावून टेबलावर ठेवला. तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मॅडम, सगळ्यांचाच पासवर्ड चुकतोय म्हणजे तुम्ही सर्व्हर चुकीच्या पद्धतीनं बंद केला असणार. आणि चेअरमन साहेबांनी मला मेसेज केलाय, की काहीतरी पूजा झाली? हळदीचं पाणी वगैरे गेलं असेल आत.”

उमानं श्रीपतीकडे बघितलं. तर हा मघाशी मोबाईलवर हेच करत होता.

“पाणी गेलं असतं तर मशीन चालूच झालं नसतं,” ती म्हणाली. “ते चालू हाय. दिवे बराबर लागलेत. ते बोलतंय बी. फक्त माणसाला ओळखून नाही राह्यलं.”

“तरीपण मॅडम, पूजेआधी चालत होतं, पूजेनंतर बंद पडलं. तुम्हीच सांगा.”

म्हणजे शहरातला शिकलेलाही तेच म्हणत होता जे ओट्यावर गिरिजाबाई म्हणत होत्या. फक्त भाषा गुळगुळीत. उमाचा आवाज चढला. “तुमच्यापेक्षा वरचं कोण हाय तिथं? त्यांना द्या फोन. आत्ता द्या. हिथं माणसांचा माल उन्हात नासून राह्यला आन् तुम्ही मला पूजा शिकवता?”

पलीकडे कुजबुज झाली. मग एका बाईचा आवाज आला. मधुवंती म्हणून होती, अपूर्वच्या वरची. ती म्हणाली, “उमाताई, मी इथून आत शिरून बघते. आमचा रस्ता वेगळा आहे, तो चालू दिसतोय. फोन चालू ठेवा.”

खोलीत मशीनची घरघर तेवढी राहिली. दारात कारभारी तात्या येऊन उभे राहिले होते. थकलेला म्हातारा, अंगात बंडी. अर्ध्या भरलेल्या ट्रकात त्यांच्याच बागेचा माल होता.

फोनवर मधुवंतीचा आवाज आला, पण तो उमासाठी नव्हता.

“अपूर्व, ही लायब्ररी कुणी बदलली?”

“कोणती?”

“पासवर्ड तपासणारी. पोळ्याच्या आठवड्यातली तारीख दिसतेय. तुझं नाव आहे.”

“ते... सिक्युरिटीचं होतं. सगळीकडे नवीन टाकली. नंतर दोन दिवस बघितलं ना मी, चालत होतं सगळं.”

“बंद करून चालू केलं होतंस?”

“ते राहिलं,” अपूर्व म्हणाला.

मग मधुवंतीनं उमाला सांगितलं. ती नीट सांगत होती, घाई न करता. मशीनमध्ये पुष्कळ प्रोग्राम असतात. प्रत्येकानं स्वतःचं सगळं सामान ठेवायचं म्हटलं तर जागा पुरायची नाही. म्हणून काही भाग सामाईक ठेवतात, ज्याला लागेल त्यानं तो घ्यायचा. त्याला लायब्ररी म्हणतात. अपूर्वनं ती सामाईक वस्तू बदलली. लॉगिनच्या जुन्या प्रोग्रामशी नवीचा मेळ बसत नाही. तुमचे पासवर्ड सगळे बरोबर आहेत. तपासणाऱ्या प्रोग्रामलाच ते वाचता येत नाहीत, म्हणून तो चुकीचे म्हणतोय.

“गावकीच्या भांड्यांसारखं,” उमा म्हणाली.

“म्हणजे?”

“आमच्यात लग्नाचे मोठाले हंडे-पातेले कुणी घरी ठेवत न्हाई. गावाचे असतात, देवळाच्या खोलीत. लागतील तेव्हा आणायचे. कुणी न सांगता जुना हंडा काढून नवा ठेवला, तर आपल्या घरचं झाकण त्याला बसत न्हाई.”

“अगदी तसंच.”

“पण मंग पोळ्यापासून नवमीपर्यंत कसं काय चाललं?”

“कारण तो प्रोग्राम चालूच होता, ताई. त्यानं जुनी वस्तू आधीच उचलून हातात धरलेली होती. तुम्ही सर्व्हर बंद केला तेव्हा ती सुटली. चालू झाल्यावर तो पुन्हा घ्यायला गेला, तर तिथं नवी.”

चुलीवर चढलेल्या जुन्या हंड्यात शिजत होतं तोवर कुणाला कळलं नव्हतं. उतरवला तेव्हा कळलं. उमानं डोळे मिटले. म्हणजे नवमी नसती तरी कधी बॅटरी उतरेस्तोवर वीज गेली असती, उन्हाळ्यात कधीतरी मशीन तापून बंद पडलं असतं, तेव्हा हेच झालं असतं. कुंकवाचं बोट, झेंडूचं फूल, विधवेचा हात, कशाचा कशाशी संबंध नव्हता. संबंध होता तो एका पोराच्या न सांगता केलेल्या कामाशी.

“हे आधी सांगायचं सोडून तो मला पूजा विचारत होता,” उमा म्हणाली.

“चूक आमची आहे,” मधुवंती म्हणाली. “मी तसं लेखी पाठवते. आता जुनी लायब्ररी त्या प्रोग्रामपुरती परत ठेवते. पण मग सर्व्हर पुरता बंद करून चालू करूनच बघू. अर्धवट नको, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा हेच. बंद मी इथून करते. चालू करायला मात्र तिथलं बटण दाबावं लागेल.”

थोड्या वेळात मशीनची घरघर थांबली. दिवे विझले. खोली एकदम मुकी झाली.

एव्हाना दारात गर्दी झाली होती. मुकादम, शालू, छाननीच्या बाया, आणि मागून वाट काढत गिरिजाबाई. सगळ्यांना एवढंच कळलं होतं, की आता बटण दाबलं की होतंय. उमा पुढं झाली, तसा श्रीपती आडवा आला. हसतमुखानं, हात जोडल्यासारखे करून.

“वहिनी, एक ऐका. चूक कंपनीची निघाली, बरं झालं. पण बटण शालूला दाबू द्या. लोकांच्या मनाला तेवढंच बरं. एक बटण तर हाय.”

शालू मागं सरली. “मला न्हाई दाबायचं. ताईंचं मशीन हाय.”

“अगं, दाब म्हणतो ना मी.”

गर्दीतून गिरिजाबाई म्हणाल्या, “शुभ काम सवाशिणीनं केलेलं बरंच असतं. त्यात कुणाचा अपमान न्हाई.”

तेव्हा उमाच्या आत जे सकाळपासून उकळत होतं ते वर आलं. ती ओरडली नाही. तिनं स्टूल ओढलं, मशीन आणि माणसं यांच्या मध्ये ठेवलं आणि त्यावर बसली.

“कुणीच न्हाई दाबायचं,” ती म्हणाली.

“वहिनी, हा काय बालिशपणा? माल नासून राह्यला.”

“नासू द्या. सकाळपासून माझं नाव नासून राह्यलं, तेव्हा न्हाई कुणाला घाई झाली. नवमीला या मशीनला कुंकू मी लावलं. मला कुणी सांगितलं लावायला, ते हिथं सगळ्यांसमोर बोला. मंग बटण दाबते. मी दाबते. दुसरं कुणी न्हाई.”

“आता ते कशाला उकरायचं...”

“उकरलं तुम्ही. आडवे तुम्ही आलात.”

श्रीपतीचा चेहरा लाल झाला. “मी चेअरमन हाय या संस्थेचा. उठा तिथून.”

“काढून टाका मंग. ठराव करा. पण तो करायला बी कॉम्प्युटर लागतो, आन् तो बंद हाय.”

मागून कुणीतरी फिसकन हसलं. श्रीपतीनं मागं वळून बघितलं, पण हसलं कोण ते कळलं नाही.

उमाचं लक्ष मात्र कारभारी तात्यांकडे गेलं. म्हातारा दाराच्या चौकटीला धरून उभा होता. सालभर लेकरासारखा जपलेला माल त्यांचा, आणि तो तिच्या हट्टापायी उन्हात बसला होता. त्यांनी तर तिला काही म्हटलं नव्हतं. ते ‘ऊठ लेकी’ म्हणाले असते तर ती उठली असती. कदाचित.

तात्या म्हणाले, पण उमाला नाही.

“शिरपत, बोलून टाक. माझी मोसंबी तुझ्या तोंडापायी सडून राह्यली, तिच्यापायी न्हाई. नवमीला मी बी होतो की ओट्यावर. ‘तुमचं मशीन तुम्हीच पुजा’ म्हणलास. मी ऐकलं.”

“मंग सकाळपासून तुम्ही का न्हाई बोलले, तात्या?” उमानं विचारलं. तिचा आवाज तडकला.

तात्यांनी मान खाली घातली. “भ्यालो म्हण. मला बी याच्याच दारात माल आणायचा असतो.”

ट्रकवाल्यानं बाहेर हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. श्रीपतीनं भिंतीकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं, आणि पुटपुटला, “मी म्हणलं होतं त्यांना.”

“मागं ऐकू न्हाई गेलं,” उमा म्हणाली.

“मीच सांगितलं होतं पुजायला!” श्रीपती ओरडला. “झालं समाधान?”

“न्हाई झालं,” उमा म्हणाली. पण ती उठली. वळली, बटण दाबलं.

हिरवा दिवा लागला. घरघर सुरू झाली. मशीनला पुरतं जागं व्हायला वेळ लागतो. तेवढा वेळ कुणी हललं नाही. मग उमानं पडद्यावर आपलं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. या वेळी तिनं अक्षरांकडे बघितलंही नाही. मशीननं तिला आत घेतलं.

फोनवरून मधुवंती म्हणाली, “आलात ना आत, ताई?”

“आले.”

“छान. ज्यांची खाती बंद पडलीत ती तुम्हालाच एकेक करून उघडावी लागतील. नवीन पासवर्ड ज्याचा त्यानंच टाकायचा.”

उमानं शालूचं खातं आधी उघडलं, म्हणजे काटा चालू होईल. शालू धावत गेली. ट्रॉल्या हलल्या, छाननीचा पट्टा खडखडला, आणि कारभारी तात्या आपल्या ट्रककडे निघून गेले. जाताना त्यांनी मागं बघितलं नाही, आणि उमानंही त्यांना हाक मारली नाही. श्रीपती कधी सटकला ते कुणालाच दिसलं नाही.

मग थंड खोलीबाहेर रांग लागली. मुकादमाचं झालं, गोदामवाल्याचं झालं. गिरिजाबाईंचंही खातं बंद पडलेलं होतं. त्यांच्या मान्यतेशिवाय ट्रकचा शेवटचा कागद निघत नसे. सकाळी त्यांनीच मुकादमाला पुन्हा पुन्हा टाकायला लावून ते बंद पाडलं होतं. त्या रांग सोडून सरळ आत आल्या.

“माझं आधी कर, उमे. ट्रक थांबलाय.”

“रांगेनं या, काकू.”

रांगेतल्या माणसांनी इकडं तिकडं बघितलं. गिरिजाबाई काहीतरी बोलणार होत्या, पण मागं जाऊन उभ्या राहिल्या. त्यांची पाळी आली तेव्हा त्या खुर्चीच्या मागं येऊन थांबल्या, नेहमीसारख्या. संचालिका झाल्यापासून त्यांनी कळफलकाला कधी बोट लावलं नव्हतं. त्या तोंडानं सांगायच्या, उमा टाकायची.

“टाक की,” त्या म्हणाल्या. “जुनाच टाक. नातवाचं नाव.”

उमा खुर्चीवरून उठली. खुर्ची त्यांच्याकडे फिरवली.

“बसा.”

“मी? मला कुठं येतं ते?”

“शिका मंग. पासवर्ड ज्याचा त्यानंच टाकायचा, कंपनीनं सांगितलंय. आन् काकू, माझा हात लागून पुन्हा मशीन बिघडलं, तर दोष कुणाला द्याल?”

गिरिजाबाईंनी तिच्याकडे बघितलं. उमानं नजर हलवली नाही. शेवटी बाई बसल्या. एक बोट पुढं केलं आणि कळफलकावर अक्षर शोधायला लागल्या. ते सापडलं तेव्हा दुसरं हरवलं. मागं रांग ताटकळत होती, ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. गिरिजाबाईंचं बोट अक्षरांवरून तांदूळ निवडावे तसं फिरत होतं.

उमा भिंतीला टेकून उभी होती. तिनं हात पदराखाली घेतले होते. ते तिनं बाहेर काढले नाहीत.